नोंदवहीबाहेरची भीती

आज २ जानेवारी. १९६१ साली याच दिवशी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज प्रदान केला. त्याची आठवण म्हणून हा दिवस दलाचा स्थापना दिन, पोलिसांच्या भाषेत ‘रेझिंग डे’, म्हणून पाळला जातो. या आठवड्यात गावोगावच्या शाळांची मुले पोलीस ठाण्यात येतात. वायरलेस संच हाताळून पाहतात, बंदुकीचे वजन किती असते ते विचारतात, श्वानपथकातल्या कुत्र्याभोवती गराडा घालतात आणि भिंतीवरचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद मोठ्याने वाचतात. त्यांना घेऊन आलेली मोठी माणसे मात्र जरा अवघडूनच उभी असतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले आणि त्या पायऱ्यांत ठाण्याची पायरीही आपण केव्हाच धरून टाकली. सत्कार, संचलने आणि शुभेच्छा यांच्या या आठवड्यात म्हणूनच एक साधा प्रश्न विचारायला हवा. आपला मोहल्ला, आपली वाडी, आपला वॉर्ड किती सुरक्षित आहे, हे आपण कशावरून ठरवतो?

ठाण्याच्या नोंदवहीवरून तर नक्कीच ठरवत नाही. ती कोणी पाहिलेली नसते. आपण ते ठरवतो कट्ट्यावरच्या गप्पांवरून, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरून आणि वाहिन्यांवर दिवसभर फिरणाऱ्या त्याच त्या चित्रफितीवरून. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यापासून पुणे जिल्ह्यापर्यंत कितीतरी गावांनी रात्री जागून काढल्या. आकाशात ड्रोन फिरतात, चोर त्यातून घरांची टेहळणी करतात, अशी बोलवा होती. बॅटऱ्या, काठ्या घेऊन तरुण गच्चीवर बसले, शेतात मुक्कामी असलेली कुटुंबे रातोरात गावात आली. ड्रोन कोणाचे, याचे उत्तर गावकऱ्यांना वेळेवर कोणी दिले नाही. ज्या घरात काहीच चोरीला गेले नव्हते, त्या घरातली झोप मात्र गेली होती.

भीती खोटी होती, असे म्हणून हा विषय संपत नाही. ती चुकीच्या दिशेला पाहत होती, हे अधिक खरे. त्याच काळात राज्यातल्या निवृत्त शिक्षकांना, बँकेतून निवृत्त झालेल्यांना, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोनवरून ‘डिजिटल अटक’ होत होती. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सांगावे लागले. नगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापूरचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. घरांना दारे नसलेले गाव म्हणून त्याची ख्याती. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले ते २०१५ मध्ये. आणि अलीकडे याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांचे पैसे लुबाडल्याच्या तक्रारी गाजल्या. चोराला आता उंबरठा ओलांडावा लागत नाही. आपण मात्र अजून ग्रीलचे गज मोजतो आहोत.

स्त्रियांच्या सुरक्षेबाबत हा दृष्टिदोष सर्वांत महाग पडतो. मुलीला आपण अंधाऱ्या रस्त्याची, अनोळखी माणसाची, उशिराच्या लोकलची भीती घालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षे सांगतात, की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. २७ जून २०२३ ला पुण्याच्या सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. काही तरुण जिवावर उदार होऊन मध्ये पडले म्हणून ती वाचली. त्या दिवसांत पुण्यात ‘कोयता गँग’ हा परवलीचा शब्द झाला होता, त्यामुळे हा हल्लाही त्याच खात्यावर जमा झाला. प्रत्यक्षात हल्लेखोर तिच्या ओळखीचा होता. जवळच्या पोलीस चौकीत त्या वेळी कोणी नव्हते, हे उघड झाल्यावर कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. एका घटनेत दोन धडे होते. धोका ओळखीतून आला आणि चौकीची पाटी असली तरी आत माणूस असेलच असे नाही. चर्चा झाली ती कोयत्याची.

लोकांना वाटणारी गुन्हेगारी आणि होणारी गुन्हेगारी यांत एवढे अंतर का पडते? प्रसारमाध्यमांना दोष देणे सोपे आहे आणि आम्हीही त्यातून सुटत नाही. पण मूळ कारण ठाण्यातल्या नोंदवहीपाशी आहे. ती वही खरे सांगते, यावर लोकांचा विश्वास नाही आणि तो नसण्याला आधार आहे. २०१७ मध्ये आयडीएफसी इन्स्टिट्यूटने मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूर या चार शहरांतल्या वीस हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. चोरी, धमकी, छेडछाड सोसलेल्यांपैकी फार थोड्यांची प्रकरणे गुन्हा नोंदण्यापर्यंत पोहोचली होती. पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कोण पडणार, गेलो तरी दखल कोण घेणार, पुरावा कुठून आणणार, ही त्यामागची कारणे. ती ऐकून कोणाही मराठी माणसाला आश्चर्य वाटणार नाही. मोबाइल खिशातून मारला जातो, पण हातात पडतो तो ‘गहाळ झाल्याचा’ दाखला. मारहाण होते आणि अदखलपात्र नोंदीची पावती घेऊन माणूस घरी येतो. तक्रारदारालाच ‘जाऊ द्या ना आता, मिटवून घ्या’ असे समजावणारा अंमलदार दुष्ट असतोच असे नाही. आपल्या ठाण्याचा आकडा वाढला की वरून विचारणा होते, हे त्याला ठाऊक असते.

दुखणे इथे आहे. ठाण्याची पत आपण नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरवतो. आकडा उतरला की शाबासकी, चढला की खुलासा. विधिमंडळात विरोधक आकडे वाढले म्हणून ओरडतात, सत्ताधारी घटले म्हणून पाठ थोपटून घेतात. बाके बदलली की भाषणेही बदलतात. मग गुन्हा कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? तो लिहूनच न घेणे. २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितले, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्यात तक्रार घेण्याची आणि ती ऑनलाइन पाठवण्याची सोय कायद्यातच आणली. ऑनलाइन तक्रारीवर तीन दिवसांत सही केली की झाले. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत बदलापुरात शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ठाण्यात तासनतास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतापलेला जमाव रेल्वे रुळांवर उतरला आणि त्या मार्गावरची लोकल दिवसभर खोळंबली. वेळेवर लिहून घेतलेली एक तक्रार बदलापूरला त्या दिवसापासून वाचवू शकली असती.

नोंदवहीवर विश्वास नसला की तिची जागा अफवा घेते आणि अफवेला नेहमी परका माणूस लागतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे मोबाइलवर फिरत होते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, म्हणजे गावच्या सत्तेच्या खोलीत, हे घडले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच संशयाला बळी पडले. तिथे पोलीस समोर होते. दोन्ही ठिकाणी मारणाऱ्यांना आपण गावाचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. गुन्हा रोखण्याच्या नावाखाली झालेले हे गुन्हे आपल्या सार्वजनिक स्मृतीत चोऱ्या-दरोड्यांपेक्षा ठळक राहायला हवेत.

संशयाचा हा मार्ग जुना आहे. मराठी मुलखात गावच्या राखणीची एक चोख पद्धत होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाईतून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ती नोंदली आहे. चोरी झाली की गावच्या राखणदाराने चोराचा माग काढायचा आणि तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे थांबेल, त्या गावाने चोरीचा माल शोधून द्यावा, नाहीतर भरून द्यावा. हे राखणीचे काम अनेक ठिकाणी रामोशी समाजाकडे होते. ज्यांना शिवार, पाऊलवाटा आणि माणसे तोंडपाठ होती, त्यांचे हक्क कंपनी सरकारच्या राज्यात गेले. उमाजी नाईकांचे बंड त्या असंतोषातूनच उभे राहिले आणि १८३२ मध्ये त्यांना फाशी झाली. आज रामोशी समाज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. राखणदाराचा संशयित व्हायला फार काळ लागला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवले, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. मनातली यादी गेली नाही. घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली जीप जाते, हे आजही खेड्यातला शेंबडा पोरगा सांगेल. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांना बजावावे लागले, की विमुक्त समाजातल्या माणसांना मनमानी अटक करू नका. शहरातल्या सोसायट्यांनी तरी नाक मुरडू नये. तिथे दागिना सापडला नाही की पहिली झडती धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पिशवीची होते.

भीती वाढली की उपायांची मागणी वाढते आणि दिसणाऱ्या उपायांना टाळ्या पडतात. मुंबईत २६/११ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने सुचवलेले सीसीटीव्हीचे जाळे प्रत्यक्षात यायला २०१६ उजाडले. गुन्हा घडून गेल्यावर माग काढायला कॅमेरा फार उपयोगी पडतो, हे पोलीस अधिकारी मोकळेपणाने मान्य करतात. पण साखळीचोराला गाठण्याइतका तो साखळी ओढू पाहणाऱ्याला थांबवतोच, असे नाही. आणि सोसायटीचे निम्मे कॅमेरे बंद असतात, हे चोरी झाल्यावर कळते. तडीपारी हा आणखी एक लाडका उपाय. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने दिलेला हा अधिकार काही वेळा आवश्यकही असतो. पण पुण्यातून काढलेला गुंड नगर किंवा सोलापुरात राहायला जातो तेव्हा गुन्हेगारी कमी होत नाही, फक्त पत्ता बदलते. गाड्या फोडणाऱ्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली की बघ्यांना समाधान वाटते. ज्या पोरांना गल्लीत नाव हवे होते, त्यांना ते सरकारी बंदोबस्तात मिळाले, याचा विचार टाळ्या वाजवताना होत नाही. शिवाय दोष सिद्ध होण्याआधी शिक्षा देण्याचा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही.

मग परिणामकारक काय ठरते? एक जुना परदेशी अनुभव इथे उपयोगी आहे. अमेरिकेतल्या न्यूआर्क शहरात काही भागांत पोलिसांची पायी गस्त सुरू केली आणि परिणाम तपासले. १९८१ मध्ये निष्कर्ष आले. गुन्ह्यांचे प्रमाण फारसे घटले नव्हते. लोकांची भीती मात्र घटली होती आणि पोलिसांबद्दलचे मत सुधारले होते. रोज दिसणारा, नावाने ओळखणारा पोलीस हा वस्तीला धीर देतो. आपल्याकडे बीट हवालदार हे पद त्याच जातकुळीचे. बीट मार्शल मोटारसायकलवरून येतो, ठरलेल्या जागी क्यूआर कोड स्कॅन करतो आणि निघून जातो, तेव्हा त्याच्या गस्तीची नोंद होते, गाठीभेटीची होत नाही. वाण्याशी, रिक्षावाल्याशी, मंडळाच्या पोरांशी दोन शब्द बोलायला त्याला वेळ मिळेल, एवढी माणसे ठाण्यात असली पाहिजेत. बंदोबस्तासाठी वर्षातले निम्मे दिवस ठाणे रिकामे करून ते जमणार नाही.

याहून मोलाचा धडा आपल्याच मातीतला आहे. भिवंडी १९७० मध्ये पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. त्यानंतर १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून दोन्ही समाजांतली साधी माणसे त्यांनी एकत्र बसवली आणि समितीची सूत्रे ठाण्यातल्या खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्याकडे दिली. बैठकांत धर्मावर चर्चा झाली नाही. नळाचे भांडण, पोरांची मारामारी, जागेचा वाद असे विषय निघाले आणि तिथल्या तिथे सुटले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. हे पाहून नंतर मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. अफवा पसरण्याआधी खरी बातमी पोहोचवणारी, एकमेकांना फोन करू शकणारी माणसे दोन्ही बाजूंना आधीच तयार असणे, हे त्या यशाचे रहस्य होते. नाशिक, पुणे, नगर भागांतली ग्रामसुरक्षा यंत्रणाही हेच तत्त्व वापरते. एका गावकऱ्याने ठरावीक क्रमांकावर फोन केला, की त्याच्याच आवाजातला निरोप सगळ्या गावाच्या फोनवर जातो. चोर असो, बिबट्या असो वा पूर असो. निरोप देणारा ओळखीचा आहे, म्हणून निरोपावर विश्वास बसतो. निनावी व्हॉट्सॲप संदेशाला ही सर येत नाही.

१५ ऑगस्ट २००७ ला तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची आठवणही याच संदर्भात काढायला हवी. गावातला वाद गावात मिटवण्याची ती कल्पना चांगली होती आणि कित्येक बांधांचे, भाऊबंदकीचे तंटे तिने सोडवले. पण बक्षीस तंटे कमी दिसण्याला मिळू लागले, की दुबळ्याच्या तक्रारीवर समेटाचे दडपण येते. मारहाण झालेल्या सुनेला, जातीवरून अपमान झालेल्या माणसाला ‘गावाचे बक्षीस जाईल’ असे ऐकावे लागत असेल, तर ती शांतता काही कामाची नाही. ठाण्याच्या आकड्यांना लागलेला रोग गावाच्या बक्षिसालाही जडू शकतो.

तेव्हा या स्थापना दिनानिमित्त गृहखात्याने आणि पोलीस महासंचालकांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, ठाण्याचे मूल्यमापन नोंदलेल्या गुन्ह्यांच्या घटीवरून करणे बंद करावे. एखाद्या ठाण्यात छेडछाडीच्या किंवा घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या, तर तिथे बायका यायला धजावू लागल्या, असाही त्याचा अर्थ असू शकतो, हे वरिष्ठांनी मानावे. किती तक्रारी घेतल्या, किती दिवसांत तपास झाला, किती प्रकरणे कोर्टात टिकली, हे विचारावे. दोन, प्रत्येक ठाण्याने महिन्यातून एकदा बीटनिहाय माहिती जाहीर सांगावी. कोणत्या भागात किती घरफोड्या, किती वाहनचोऱ्या, किती ऑनलाइन फसवणुकी, त्यांतल्या किती उघडकीस आल्या, हे ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत बीट अंमलदाराने उभे राहून सांगावे आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. त्याच बैठकीला महापालिकेचा विद्युत विभागाचा माणूस असावा, कारण बंद पथदिवा हाही गुन्हे रोखण्याचाच विषय आहे. तीन, सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने सांगितलेली पोलीस तक्रार प्राधिकरणे लोकांना माहीत तरी होऊ द्यावीत. तक्रार घेतली नाही, तर कुठे जायचे, याचा फलक ठाण्याच्या दारातच हवा.

आपले कर्तव्यही लहान नाही. किरकोळ चोरी झाली तरी तक्रार द्या आणि गुन्हा दखलपात्र असेल तर दाखला नको, प्राथमिक माहिती अहवालाची प्रत मागा. ती विनामूल्य मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. फोनवरून फसवणूक झाली, तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा, कारण पैसे गोठवायचे असतील तर पहिले काही तासच महत्त्वाचे. गटात आलेला ‘टोळी आली आहे’ असा संदेश पुढे पाठवण्याआधी ठाण्यात एक फोन करा. आणि शेजारच्या पालात, झोपडपट्टीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचे नाव विचारून ठेवा. मदतीला तोही धावून येणार आहे.

पोलीस ठाण्यात मुलांना बंदुका दाखवून झाल्या असतील, तर यंदा त्यांना ती नोंदवहीही दाखवावी. तक्रार कशी लिहायची, ती घ्यायला नकार मिळाला तर काय करायचे, हे दहावीच्या मुलाला कळायलाच हवे. या मुलांपैकी एकाने उद्या आपल्या आजीला हाताला धरून ठाण्यात नेले आणि तिची तक्रार पहिल्याच खेपेला लिहून घेतली गेली, तर या स्थापना दिनाचे सार्थक झाले असे समजायला हरकत नाही.